तांड्यावरची लाल खुर्ची

देवानं संकटात धाव घेतल्याचे अनुभव सांगणारी पुस्तकं आमच्या घरात पुष्कळ आहेत. आईनं जमवलेली. मी त्यांतली बरीच वाचली आहेत आणि दर वेळी एकच शंका माझ्या मनात आली आहे. देवाला मदत करायची असते तेव्हा तो नेहमी पांढऱ्या दाढीचा तेजस्वी पुरुष होऊन का येतो, आणि काम झाल्यावर आपण वळून पाहीपर्यंत नाहीसा का होतो? माझ्या वाट्याला जे आलं ते नाहीसं झालं नाही. ते आजही पुसदच्या पलीकडे एका तांड्यावर जागच्या जागी उभं आहे आणि त्याला चार पाय आहेत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण कृपा म्हणून मला ओळखता आली ती हीच, आणि तिचं रूप निवडायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

आई ऐंशीच्या पुढं आहे. गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. माहूरची रेणुका ही आमची कुलदेवता, आणि एकदा शेवटचं दर्शन करून यावं असं आई दोन-तीन वर्षं म्हणत होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. चांदीची मखरं, देणगीदारांच्या पाट्या आणि ध्वनिक्षेपकावरून चाललेली भक्ती यांचा मला कंटाळा आहे, त्यामुळे देवळापेक्षा मला तिथपर्यंतच्या रस्त्याचंच आकर्षण होतं. आईला देवी, मला जंगल, असा मी मनातल्या मनात तह केला.

यवतमाळहून माहूरला सरळ जायचं तर आर्णीवरून. पण फाल्गुन लागला होता, पळस फुलला होता, सागाची पानं झडून डोंगर मोकळे झाले होते. म्हणून मी दारव्हा, दिग्रस, पुसद असा लांबचा वळसा आखला. शेजारच्या काकांनी टेबलावरचा नकाशा पाहून विचारलं, "माहूरले जाले पुसदवरून कायले? सासरवाडी हाये का तिकडं?" मी त्यांना निसर्गाविषयी काही सांगितलं. ते चहा पिऊन निघून गेले. मी मात्र आठवडाभर तो नकाशा घेऊन बसलो. धरण कुठून चांगलं दिसतं, सावली कुठं मिळेल, आईच्या पाठीला उशी कोणती, पाखरं ओळखायचं पुस्तक कोणतं, यातलं काहीही मी सोडलं नाही. बायको तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला होती, म्हणजे प्रवासाला आम्ही मायलेकच. या गोष्टीचा योजनेशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं चहा घेतला नाही. गोळी जिभेवर ठेवून घोटभर पाण्यानं गिळली आणि भांडं पालथं घातलं.

"देवीचं शिखर दिसेस्तोर आता मी पाणी घेणार नाही," ती म्हणाली.

"असं कुठल्या पोथीत सांगितलंय?"

"पोथी तू वाच. मी आपली जातो."

मला वाद घालता आला असता. पण दुसऱ्याच्या श्रद्धेत पडायचं नाही, या तत्त्वाचा मला बराच अभिमान आहे. मी पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवल्या आणि मोठ्या उदारपणे आईला तहानलेली घेऊन निघालो.

रस्ता मी आखला होता तसाच सुंदर निघाला. दारव्ह्याला चहासाठी थांबलो तर ती उतरली नाही. "तू पी, मी बसतो." दिग्रसच्या पुढं पळसानं दोन्ही बाजू पेटवल्या होत्या. मी झाडांची नावं सांगत होतो, ती 'हो' म्हणत होती. पुसदला एका बऱ्या हॉटेलसमोर गाडी उभी केली तेव्हा तिनं खिडकीतूनच हॉटेलाकडे, मग हॉटेलाच्या मागच्या बाजूकडे पाहिलं आणि म्हणाली, "चाल बापू, कायले थांबतं?" ऊन चढलं होतं. घाट सुरू झाल्यावर तिनं एकदा विचारलं, "अजून किती दूर हाये रे?" मी म्हणालो, अशा रस्त्यावर हे विचारायचंच नसतं. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले होते. झोप लागली, बरं झालं, असं मनाशी म्हणून मी पुढचं वळण घेतलं, आणि गाडीचं मागचं चाक बसलं.

उतरून डिकी उघडली. स्टेपनीत हवा नव्हती. पाखरांच्या पुस्तकापर्यंत सगळं तपासणाऱ्या माणसानं स्टेपनी तपासली नव्हती. फोनला रेंज नव्हती. खाली दरी, वर उघडे डोंगर, अगदी बघण्यासारखं. मी कुलदेवतेला उद्देशून, बहुतेक पहिल्यांदाच थेट, म्हणालो की तुझ्याकडेच तर निघालो होतो, हे बरं नाही. मग दार उघडून आईला म्हटलं, "उतर, जरा पाय मोकळे कर."

ती उठली नाही. हात लावला तर अंग तापलेलं, ओठांवर पांढरी साय. मी हलवलं तेव्हा तिनं डोळे किलकिले केले आणि मला "दादा" म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मी बाटली तोंडाला लावली. तिनं दात घट्ट मिटून मान फिरवली. "आई, देवी रागावत नाही, पी," मी म्हणालो. मला आठवतील तेवढी सगळी कारणं मी त्या मिटलेल्या दातांना सांगितली. वाचलेल्या एकाही पुस्तकातलं एकही वाक्य कामी आलं नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात जोडले. कुणाला, ते त्या वेळी मी ठरवलं नव्हतं.

वरच्या पायवाटेनं एक म्हातारी खाली येत होती. डोक्यावर मोहफुलांची टोपली. साठी ओलांडलेली, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चालताना एका पायावर झुकणारी. मी काही सांगायच्या आत तिनं टोपली टेकवली, गाडीत डोकावली आणि आईच्या गालाला हात लावला.

"याडी," ती म्हणाली. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. "घरी चाल." मग माझ्याकडे वळून, "असं कायले उभा हाये भाऊ? हात जोडून गाडी चालते का?"

तिचा तांडा वळणाच्या पलीकडेच होता. तिनं तिथूनच हाक मारली. तिचा नवरा आणि आणखी एक जण दोरीची बाज घेऊन आले. आईला त्या बाजेवर घालून आम्ही कडुनिंबाखाली आणलं. जमनाबाई तिचं नाव. तिनं तांब्या आणला. आईनं पुन्हा दात मिटले. मी उपवासाचं सांगितलं. जमनाबाईनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग वाकून आईच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच काही बोलली.

आईनं डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारलं, तेही मला ऐकू आलं नाही. जमनाबाईनं मान हलवली, आईनंही हलवली. आणि आई पाणी प्यायली. आधी चमच्यानं, मग मीठ-साखर घातलेलं वाटीनं, मग तांब्या धरून. मी आयुष्यभर मंत्रतंत्राची चेष्टा केली आहे, पण त्या घटकेला कुणी विचारलं असतं तर या बाईपाशी मंत्र आहे असं मी लिहून दिलं असतं.

थोड्या वेळानं आई उठून बसली. मला नावानं हाक मारली. मग जमनाबाईच्या खांद्यावर हात ठेवून दोघी घरामागं गेल्या. मी उठलो तर जमनाबाई मागं न पाहता म्हणाली, "तुमी बसा. तुमचं काम नाही तिथं."

तिचा नवरा माझ्याजवळ बसला होता. तंबाखू मळत म्हणाला, "खुर्चीवर नेली असन."

"कुठली खुर्ची?"

"लाल. पोराच्या लग्नात आणली होती, पाहुणे बसतीन म्हणून. हिचे गुडघे गेले, खाली बसता येत नाही. तं हिनं मधात गोल कापली न ठेवली संडासात. चांगली खुर्ची, साहेब. मी विचारलं, माह्या खुर्चीले भोक काहून पाडलं? तं म्हणे, तुम्ही सरपंच होणार हाये का?"

दोघी परत आल्या तेव्हा आईच्या चेहऱ्यावर हलकेपण होतं. जमनाबाईच्या चेहऱ्यावर ते नव्हतं.

"उपास-गिपास काही नाही हिचा," ती मला म्हणाली. "रस्त्यानं बाईले जागा भेटत नाही. भेटली तं हिले खाली बसता येत नाही. पाणी पेलं तं जा लागन, गेलं तं पोराले सांगा लागन. म्हणून पेलीच नाही. म्या कानात इतकंच सांगितलं, माय, आपल्या घरी जागा हाये, बसाले खुर्ची हाये, न पोरगा इकडं येत नाही. तवा तोंड उघडलं तिनं."

तो मंत्र असा होता.

मी आईकडे पाहिलं. ती पदरानं मान पुसत होती.

"तू देवीचं नाव का घेतलंस?"

"तिचं नाव घेतलं का तू वाद घालत नाही म्हणून," आई म्हणाली.

"आणि देवी रागावली असती तर?"

"तिले समजते. ती बी बाईच हाये ना."

जमनाबाई इतकी हसली की तिला बाजेवर बसावं लागलं. आईही हसली. मी हसलो नाही. आठवडाभर मी जो नकाशा आखत होतो त्यात धरण होतं, दरी होती, पळस होता. ज्या एका जागेवाचून माझी आई घरातून पाऊलभर बाहेर पडू शकत नव्हती, ती जागा त्यात नव्हती. आणि ती होती तिथंच गाडी येऊन बसली होती. एक वळण आधी बसली असती तर तांडा दिसला नसता, एक वळण नंतर बसली असती तर तो मागं राहिला असता. यावर मी पुढं काही म्हणत नाही. म्हणण्यासारखं खूप आहे हे मला माहीत आहे.

जमनाबाईच्या नवऱ्यानं चाक फाट्यावर नेऊन पंक्चर काढून आणलं. सोबत खिळाही आणला, बैलाच्या नालेचा, घासून चकाकलेला. आईनं तो हातात घेऊन पाहिला आणि पदराच्या गाठीला बांधला. निघताना तिनं विचारलं, "माहूर कोणीकडं आलं?" जमनाबाईनं तांड्यातल्या पांढऱ्या झेंड्याच्या पलीकडे, डोंगराच्या एका सोंडेकडे बोट केलं. तिकडे शिखर दिसत नव्हतं, देऊळ दिसत नव्हतं, नुसतं ऊन होतं. आईनं हात जोडले. "झालं," म्हणाली. "आता घरी चाल." मग जमनाबाईच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. जमनाबाईनं ओटीत मूठभर मोहफुलं घातली आणि मला म्हणाली, "पुढच्या खेपेले पुसून निघजा भाऊ."

पुसदच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. गोळीनं पाणी बाहेर काढायचं आणि बाईनं आत घ्यायचं नाही, वर हे ऊन. आणखी तासभर तसंच नेलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. ते अर्धं वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.

शरण जाणं या शब्दावर मी बरंच वाचलं आहे. मोठमोठ्या पालख्यांपुढं लोटांगणं घालणारी माणसंही पाहिली आहेत. पण मला तो शब्द दिसला तो त्या बाजेवर, आईनं अनोळखी बाईला मान हलवून होकार दिला तेव्हा. स्वतःच्या लेकाला जे सांगता आलं नाही ते तिनं तिथं खाली ठेवलं, आणि मग पाणी आत गेलं. माझ्यापाशी ठेवायला फक्त योजना होती. ती मी तांड्यावरच ठेवून आलो.

नालेचा खिळा आमच्या देवघरात, देवीच्या टाकाशेजारी आहे. रोज त्यालाही हळदकुंकू लागतं. मी हरकत घेतलेली नाही.

पुढं मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर, आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला सरळ आर्णीवरून. आदल्या दिवशी मी बाजारातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि करवतीनं मध्ये कापली. भोक वाकडं झालं. कडा कानशीनं घासून घासून गुळगुळीत केल्या. जुनं लुगडं आडोशाला घेतलं, दोन काठ्या घेतल्या. शेजारचे काका डिकीकडे बघून चहा न पिताच परत गेले.

आई चपला घालून दारात उभी होती.

"खुर्ची घेतली?"

"घेतली."

"स्टेपनी?"

"तपासली."

ती परत आत गेली. माठातून तांब्या भरला, पलंगाच्या कडेवर बसली आणि माझ्यासमोर, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. देवीचं शिखर अजून पुष्कळ लांब होतं.