उलटा संत

चिखल्याच्या खाणीजवळच्या जुन्या खड्ड्यात मी गळ्यापर्यंत पाण्यात होते आणि पाय टेकत नव्हते. हातात बकरीचं दावं होतं. ती चरताना घसरली आणि तिने मलाही ओढत नेलं. आता ती भेदरून एका जागी गोल फिरत होती.

काठावर एक जाडी बाई आली. खाणीच्या कॉलनीतली ख्रिस्ती होती. डोक्यावर पावांची टोपली, काखेत वीतभर मातीचा संत. संत अंतोनीचा सण होता आणि ती घरोघर प्रसादाचे पाव वाटत निघाली होती.

ती ओरडली नाही. तिने संताला टोपलीत डोकं खाली, पाय वर असं ठेवलं आणि दम दिला, "ह्या दोघी निघेपर्यंत असाच राह्य."

"देवाले उलटं काहून ठेवलं वं?" मी विचारलं.

"देव नाही, संत आहे. हरवलेलं शोधून द्याचं काम आहे त्याचं. सरळ ठेवला का आळस करते."

"मी कोठी हरवली? दिसून तं राहिली."

"अजून थोड्या वेळानं नाही दिसशीन, आजी."

मग ती उताराच्या बाजूला गेली आणि पाण्यात पाव टाकू लागली. बकरी पावामागे गेली, दावं धरून मी बकरीमागे. काठ लागेपर्यंत बकरीने अर्ध्या कॉलनीचा प्रसाद खाल्ला होता.

बाईने संताला सरळ केलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि निघून गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. बकरी वाचली, मीही वाचले.