लायसन्स कुणाच्या नावावर?

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी इंटरनेटची केबल काढायची. का, ते विचारायचं नाही. खालापूरला काकांच्या बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लागले तेव्हा मला सांगितलेला हा पहिला नियम. मी विचारलंच.

"देवळात चप्पल का काढतो, विचारतेस का गं?" काका म्हणाले. "दोन वर्षं गप्प काम कर. मग नकाशांवर तुझी सही!"

मी सिव्हिल इंजिनिअर. त्या सहीसाठीच तर आले होते. गप्प राहणं काही जमलं नाही. गप्प न बसणाऱ्याकडे किस्से फार साठतात.

*

जवळच्या कोंडाणे गावात फार्महाऊस बांधणारे एक साहेब मेलवर नकाशा मागायचे आणि लगेच बदल सुचवायचे. मेलसाठी केबल लावा, बदलासाठी काढा. पाचव्यांदा मेलचं उत्तर अडकलं, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे लाइट फार जाते का हो?"

"डोंगराळ भाग हाय, साहेब!" काका म्हणाले.

*

एकदा केबल तशीच राहिली. स्क्रीनभर सूचना आली: ही प्रत अधिकृत नाही. ऑफिसातले भाऊ ड्रॉइंग बोर्डाच्या काळापासूनचे ड्राफ्ट्समन. त्यांनी शांतपणे चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता मला दिसतच नाय."

*

माझ्या लॅपटॉपवर कॉलेजची विद्यार्थी-प्रत होती. काकांना भारी आनंद झाला. "फुकट आणि खरं? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"ती फक्त शिकण्यासाठी आहे. त्यावर धंदा करायचा नसतो."

"आमी रोजच शिकतो गं," भाऊ म्हणाले.

मी सुट्टीवर असताना त्या दोघांनी ऑफिसात राहिलेल्या माझ्या लॅपटॉपवरूनच माथेरानच्या एका हॉटेलचा नकाशा छापला. कागदाच्या चारही कडांना छापून आलं: 'विद्यार्थी प्रत'. परत आल्यावर हॉटेलमालकाचा फोन मीच घेतला.

"तुमचा इंजिनिअर पास कधी होणार?"

*

काका लबाड नाहीत, हे मला लिहायलाच हवं. चुकून आलेली दुसऱ्याची मोजपट्टी परत द्यायला ते भर उन्हात कुंभिवलीला गेले होते. पण गावातल्या कुणीतरी त्यांचा प्लॅन नाव पुसून वापरला, तेव्हा दोन दिवस धड जेवले नाहीत. "माझी मेहनत चोरली!"

"काका, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेही मेहनतच केली असेल ना?"

काकांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "चहा सांग."

*

गेल्या महिन्यात कुंभिवलीच्या एका कारखान्याच्या शेडचं काम येऊ घातलं. ऑफिसच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं. कारखान्याने आधी पत्र मागितलं: सॉफ्टवेअरचं लायसन्स धंद्यासाठीचं आहे का, आणि कुणाच्या नावावर?

काकांनी पत्र टाइप करून माझ्यापुढे ठेवलं. माझी ती विद्यार्थी-प्रतच, पण पत्रात लायसन्स व्यावसायिक वापराचं, माझ्या नावावर. खाली सहीसाठी जागा.

"कर सही. तुझीच घाई होती ना?"

"हे खोटं आहे, काका. विकत घ्या, मी आत्ता सही करते."

"तेवढ्यात काम दुसरीकडे जाईल! एका कागदाने काय होतंय?"

"पोरी, मोठ्यांचं ऐकावं," भाऊ म्हणाले. "सगळेच करतात."

मी पत्र उलटं करून काकांकडे सरकवलं.

"शेडचं छप्पर किती वजन पेलेल, त्या हिशेबाखालीही माझीच सही लागणार आहे. खाली माणसं काम करतील. या खोट्या पत्रावर सही केली, तर हिशेबाखालची सही खरी आहे असं तुम्ही तरी मानाल का?"

भाऊंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेनाला टोपण लावलं. मग ते पत्र फाडून टोपलीत टाकलं.