मशीनचा नारळ

"पूजेला बोलावणं म्हणजे कामाला बोलावणं न्हवं. एवढं कळाय नको?"

"मागल्या मंदीत काय झालतं? पूजा झाली आणि सोमवारी पहिली पाळी लागली. इसरलीस?"

"म्हणून याही खेपेला तसंच हुतंय व्हय?"

जोतीराम अजून दारातच होता. हातात प्रसादाची पिशवी, अंगात कंपनीचा निळा शर्ट. कामावरून ब्रेक मिळाल्यापासून हा शर्ट तो दर रविवारी इस्त्री करून खुंटीला लावायचा. संयोगिता, त्याची बायको, पाठमोरी भाकरी थापत होती. बोलणं जसं चढत होतं, तशी परातीतली थापही.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात जोतीराम लेथ मशीनवर होता. आयटीआय करून चिकटला तो तिथलाच झाला. कागदावर मात्र कंत्राटदाराचा. ट्रॅक्टर खपेनात, तशा ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग रात्रपाळी, मग कंत्राटी माणसं. कायम कामगाराला घालवायचं तर नियम आडवे येतात. कंत्राटी माणसाला नुसतं म्हणतात, ब्रेक घे, बोलावतो. गल्लीत कुणी विचारलं की जोतीराम ठासून सांगायचा, काढलं न्हाय मला, ब्रेकवर हाय. याच तोऱ्यात त्यानं शोरूमची वॉचमनकी घालवली. लेथवाल्यानं काय काठी धरायची?

मग पेठ वडगावच्या एका दूध संकलन केंद्रात जागा निघाली. पगार निम्मा, पण चुकणारा नव्हे. संयोगिताच्या भावानं, धैर्यशीलनं, शब्द टाकला. खंडेनवमीला सकाळी हजर व्हायचं ठरलं. आणि आदल्या संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला, उद्या पूजेला या, तुमच्या मशीनचा नारळ तुम्हीच फोडायचा. कारखान्याची रीतच ती. ज्याचं मशीन, त्याचा नारळ. नारळ आपला म्हणजे मशीन आपलं, मशीन आपलं म्हणजे काम आपलं. जोतीरामनं केंद्रावर परस्पर कळवून टाकलं, येत न्हाय, माझी कंपनी चालू हुतीया. बायकोला सांगितलं ते सकाळी, शर्ट घालता घालता.

पूजा झकास झाली. झेंडूचा हार, कुंकू, पेढे, मालकांबरोबर फोटो. माणसं पांगल्यावर त्यानं सुपरवायझरला सोमवारचं विचारलं. सुपरवायझर हारातलं एक फूल खुडत राहिला.

"दिवाळीनंतर हे मशीन विकायचंय, जोतीराम. शेवटची पूजा तुमच्या हातनं व्हावी म्हटलं."

हे त्यानं घरी अजून सांगितलं नव्हतं.

"धैर्यशीलला फोन लावा," संयोगिता आता वळली होती. पीठ लागलेले हात तिनं तसेच अधांतरी धरले होते. "चुकलं म्हणा. त्यात काय कमीपणा न्हाय."

"लावलता. बसमधनंच."

"मग?"

"जागा भरली. आदर्श गेला सकाळी."

आदर्श म्हणजे त्याच लेथवरचा दुसऱ्या पाळीचा गडी. तोही ब्रेकवरच.

"त्याला न्हवतं पूजेचं बोलावणं?"

"हुतं की."

भाकरी तव्यावर करपत होती. दोघांनाही वास येत होता, हललं कुणीच नाही.

"बरं, ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "सोमवारी पाळी हाय का न्हाय? तेवढं सांगा फक्त."

जोतीरामनं पिशवीतली नारळाची कवड काढून ओट्यावर ठेवली. निळा शर्ट उतरवला, खुंटीकडं न बघता खाटेवर टाकला, आणि बनियनवरच चपला सरकवून बाहेर पडला.