वाजवून घेतलेला कोयता

मार्गशीर्ष वद्य पंचमी. आदल्या दिवशी संकष्टी होती म्हणून तिथी पक्की आठवते. साल विचारू नका, वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं एवढं सांगते. काम होतं मळ्याला काट्याचं कुंपण घालायचं. रानडुकरांनी वांग्याचे चार वाफे नांगरून ठेवले होते, तेही आम्ही न सांगता. कुंपणाला बाभळी तोडायच्या म्हणजे कोयता हवा, आणि कोयत्याच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द माझा होता.

हा मान मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता. माझं माहेर पिढ्यान्‌पिढ्या भाजी-फळं पिकवणारं. टरबूज असो, कोहळं असो की पाण्याचं मडकं, टिचकी मारल्याशिवाय घ्यायचं नाही हे लहानपणीच बोटांत बसलेलं. लग्न होऊन इथे आले आणि कोयत्यांनाही टिचकी मारू लागले. मूठ दोन बोटांत सैल धरायची आणि पात्यावर नख उडवायचं. टण्ण वाजला तर घ्यायचा, थप्प वाजला तर ठेवून द्यायचा. माझं किती वेळा बरोबर निघालं हे कुणी पाहिलं नाही. मी ठासून सांगायचे, लोकांना तेवढं पुरायचं.

दर हिवाळ्यात एक घिसाड्याचं बिऱ्हाड गावाबाहेर नाल्याच्या काठी उतरायचं. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसायचा आणि बायको उभी राहून घण मारायची. त्यांच्यात असंच असतं. आमच्या पुरुषांना त्याची फार गंमत वाटे. बाया मात्र एकदा घणाकडे आणि एकदा आपापल्या नवऱ्याकडे बघून घेत. कोयते, विळे, खुरपी देऊन ते ज्वारी नेत. आमच्या गावातल्या आठ दिवसांवर त्यांची पुढच्या दोन महिन्यांची भाकर चाले.

त्या सकाळी शेजारच्या पाच-सहा बाया घेऊन मी तिथे गेले. घिसाडणीने माझ्यापुढे एक कोयता टाकला. काळाकुट्ट, पाठ बोटाएवढी जाड, हातोड्याचे खड्डे जसेच्या तसे. मी टिचकी मारली. थप्प.

"मेलेला हाये हा," मी जाहीर केलं. "घेऊ नका वो बायाहो."

बायांनी हातातली खुरपीसुद्धा खाली ठेवली. घिसाडण घण टेकून उभी राहिली.

"कावून वो बाई? काय खोट दिसली तुमाले?"

"वाजत नाई."

"वाजाले पायजे तर देवळातली घंटी घेऊन जा. कोयत्यानं आरती करून राहिल्या का?"

बाया हसल्या, आणि माझ्यावर हसल्या. ते झोंबलं.

"आमच्या घरी हाये तो पाहा येऊन," मी म्हटलं. "भाऊजीनं कौंडण्यपूरच्या जत्रेतून आणला. कसा खणखण वाजते!"

"चमकते बी असन?"

"आरशावानी."

"मंग त्याच्यात पाहून कुकू लाव. बाभूळ माह्या कोयत्यानं तोड." तुमीवरून ती तूवर आली होती.

"चूप बस वो," भात्यामागून तिचा नवरा कुरकुरला. "गिऱ्हाईक हाये."

"कायचं गिऱ्हाईक? सोता घेऊन नाई राहिली अन् दुसऱ्याले घेऊ देऊन नाई राहिली!"

बाया पदर सावरून निघाल्याच होत्या. मी नाही म्हटलं म्हणजे गावात दुसरं कुणी घेणार नाही, हे तिला कळत होतं. तिने तोच काळा कोयता उचलला आणि माझ्या हातात कोंबला.

"ने आजच्या दिवस. दोन्ही कोयते बाभळीवर चालव. माहा बोथट झाला तर आमी उद्याच गाडी जुंपतो. नाई झाला, तर याच बायाईपुढं तुह्या तोंडानं सांगजो."

मी घेतला. संध्याकाळी हिला बघते, असं मनात म्हणतच घेतला.

मळ्यात आमचे धाकटे दीर जत्रेतला कोयता घेऊन एका बाभळीला भिडले, दुसरीला मी. हिरव्या फांद्यांवर त्यांचा कोयता सपासप चालला. मी त्यांना तसं म्हणालेही. मग त्यांनी तो एका वाळलेल्या गाठीवर घातला. टण्ण आवाज झाला आणि पात्याचा नखाएवढा तुकडा उडून त्यांच्या धोतरात शिरला. धोतर फाटलं, भाऊजी वाचले.

"पण वैनी," ते तुकडा शोधत म्हणाले, "वाजला काय मस्त!"

काळ्या कोयत्याला बिघडवायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सुक्या गाठी तोडल्या, मुळं तोडली, एकदा मुद्दाम दगडावरही आपटला. दुपारी भाकरीला बसले तेव्हा त्याच्या धारेने कांद्याची चकती पातळ निघाली. मग अवजारांच्या पेटीतली जुनी कानस आणली. काळ्याच्या पाठीवर ती लोखंड खरवडत चालली, धारेवर मात्र घसरली. म्हणजे घिसाडणीच्या नवऱ्याने पाणी फक्त धारेला पाजून ती कडक केली होती, पाठ मऊ ठेवली होती, मार सोसायला. जत्रेतल्याच्या पाठीवरही कानस घसरली; तो पाठीपासून धारेपर्यंत सारखाच कडक, काचेसारखा. काच वाजते छान. इतकी वर्षं मी कोयत्यांमधली टरबुजं निवडत होते.

ऊन उतरेपर्यंत कुंपण झालं. आता प्रश्न उद्याचा होता. मळ्यात आम्ही दोघंच होतो. बायांनी काही पाहिलं नव्हतं. भाऊजी नव्या धोतराच्या बदल्यात गप्प बसले असते. मी सकाळी कोयता नुसता परत पाठवला असता तर घिसाड्याची गाडी निघून गेली असती, न खपलेल्या मालाने भरलेली, आणि माझा शब्द गावात होता तसाच राहिला असता. खोटं कशाला सांगू, हा विचार भाकरी थापून होईपर्यंत माझ्या डोक्यात होता, आणि वाईटही वाटत नव्हता. वाईट वाटलं ते घण मारणाऱ्या तिच्या हातांचं नाही. घरात फुटका कोयता जपून ठेवून बाहेर शहाणपण सांगत फिरायचं, याची मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले, त्याच बायांना घागरी खाली ठेवायला लावल्या आणि नाल्यावर नेलं. दोन्ही कोयते आणि कानस बरोबर होती. दोन्ही पात्यांवर त्यांच्या हातांनी कानस चालवून घेतली आणि म्हटलं, "मी चुकली. काळा चांगला हाये."

"मांगच्याईले आयकू नाई आलं," घिसाडण म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, नाल्यापलीकडे ऐकू जाईल असं. मग काळ्या कोयत्याची ज्वारी तिच्या पदरात ओतली आणि वांग्यांना पाणी द्यायला मळ्यात गेले.