मृगाच्या रकान्यातलं शून्य

माझ्या प्रबंधात एकही रकाना कोरा नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुद्दाम त्याचं कौतुक केलं होतं, आणि मी खाली मान घालून हसलो होतो. त्या हसण्याबद्दल लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. गाव परंडा तालुक्यात, सोनारीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्याकडं बेडूक म्हणजे बरं पाऊसमान झालं तर विहिरीत दिसणारा पाहुणा. अशा गावचा मी, पंचविशीत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका सदाहरित जंगलात तीन वर्षं बेडूक मोजत होतो. एका ओढ्याच्या काठानं बारा जागा ठरवलेल्या होत्या. दर पंधरवड्याला प्रत्येक जागी ठरलेला वेळ बसायचं, दिसतील आणि ऐकू येतील ते बेडूक वहीत लिहायचे. प्रत्येक पंधरवड्याला एक रकाना.

जंगलाची वाट दाखवायला खालच्या वाडीतले एक मामा बरोबर असत. तेव्हा ते पन्नाशीचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“गाव कुठलं म्हनला?”

मी सांगितलं.

“तकडं प्यायला पानी न्हाई म्हनत्यात. म्हनून हिकडं बेडकं मोजाय आलासा व्हय?”

त्या जंगलात मी सुखी होतो. तसा सुखी नंतर कधी झालो नाही. दुपारीसुद्धा तिथं संध्याकाळचा उजेड असायचा. झाडांचे शेंडे कधी नीट दिसायचे नाहीत, वर काय चाललंय ते खाली पडलेल्या फुलांवरून ओळखायचं. ओल्या पाल्याचा वास कपड्यांना इतका चिकटायचा, की गावी आल्यावर पिशवी उघडली की घरात ते जंगल पसरायचं.

पण जंगल सर्वांत जास्त बोलतं ते मृगात, आणि मृगात मी तिथं कधीच नसायचो.

मृग निघाला की वाडीतल्या दुकानात अण्णांचा, म्हणजे वडिलांचा फोन यायचा. “रान तयार हाय. चाड्यावर मूठ कोण धरंल?” पेरताना तिफणीच्या वरच्या चाड्यात मुठीतून बी सोडत चालायचं असतं. बी सारखं पडलं पाहिजे, नाहीतर ओळीत पीक विरळ येतं. आमच्या घरात ही मूठ आईची. आई गेल्यावर ती माझ्याकडं आली, आणि दुसऱ्या कुणाच्या हातानं पेरायचं नाही असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. मी जायचो. पेरणी आटोपून परत येईपर्यंत दोन पंधरवडे उलटलेले असायचे.

मामांना हे कधी पटलं नाही. मी परतलो की ते वाडीच्या तोंडाशीच गाठायचे.

“आला काय? नवरानवरी बोहल्यावर हुबी ऱ्हायली की तुमी निघालासा, आनि पंगती उठल्यावर आलासा. आता बसा पत्रावळ्या मोजत.”

मग ते सांगायचे. सातव्या जागेच्या वरच्या अंगाला, कारवीच्या झुडपात, बोटाच्या पेराएवढा एक हिरवा बेडूक बसतो. मृगात दिवस बुडायच्या आधी बोलतो. वीस-पंचवीस दिवस, मग वर्षभर गप्प. आवाज कसा, असं विचारलं की ते हातातला कोयता दगडावर हलकेच आपटायचे. “जात्याला टाकी लावत्यात न्हवं, तसा. टिक, टिक, टिक. पर एक न्हाई, शंभर टाक्या एकदम. डोंगर वाजतुया.”

मी हे वहीच्या समासात लिहून ठेवायचो. रकान्यात लिहिता यायचं नाही, कारण स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच मोजायचं असा नियम होता, आणि तो योग्यच होता. रकाना कोरा राहायचा.

आता जे लिहितो ते अण्णा असते तर लिहिलं नसतं. पहिली दोन वर्षं मी पेरणीसाठी गेलो. तिसऱ्या वर्षी चुलतभाऊ म्हणाला होता, “दादा, औंदा मी धरतो मूठ. अण्णांचं मी बघतो, तू तुझी बेडकं बघ.” तरीही मी गेलो. मृगातल्या जंगलात जळवा मोज्यांच्या विणीतून आत शिरतात, झोपडी गळते, अंथरूण सुकत नाही. पेरणीचं निमित्त हाताशी होतं. ते मी वापरलं.

प्रबंध टाइप करायला दिला तेव्हा टायपिंगच्या दुकानातल्या मुलानं पडद्यावरून मान वळवली. “सर, हे सहा रकाने मोकळेच हायत. काय टाकू?”

समोर उभं राहून मी म्हणालो, “शून्य टाका.”

एवढंच. त्यानं टाकलं, आणि मी दुकानाबाहेर येऊन चहा प्यालो.

बाहेरच्या माणसाला यात काही मोठं वाटणार नाही. पण आमच्या कामात शून्य म्हणजे मी गेलो, बसलो, कान दिला आणि काही नव्हतं. कोरा रकाना म्हणजे मला माहीत नाही. मी ‘माहीत नाही’च्या जागी ‘नव्हतं’ असं लिहिलं.

दरवर्षी मी वर्गात शिकवतो, की जगभरच्या पावसाळी जंगलांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं रस्त्यालगतचं आहे, कोरड्या दिवसांतलं आहे आणि माणसाच्या उंचीपर्यंतचं आहे. पाऊस कोसळू लागला की घाट बंद होतात, परीक्षा येतात, अभ्यास करणारे घरी जातात. मुलं लिहून घेतात. अशा रिकाम्या जागेवर मी स्वतः झाकण घातलं आहे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

न ऐकलेल्या आवाजाची ओढ लागते का? मला लागली. तुळजापूरच्या रस्त्यावर पाटे, जाती घडवणारं एक कुटुंब बसतं. छिन्नीचा आवाज आला की मी गाडी बाजूला लावून उभा राहतो. तिथली बाई आता मला ओळखते. “सर, रोज नुस्तं ऐकून जाताव. एखादा खलबत्ता तरी घ्या की!” मी दोन घेतले. घरात मिक्सर आहे.

गेल्या हिवाळ्यात एक फोन आला. आवाज तरुण मुलीचा. ती त्याच ओढ्यावर संशोधन करत होती. माझा प्रबंध तिला ग्रंथालयात सापडला होता. त्या खोऱ्याची एवढी जुनी नोंद दुसरी नाही, म्हणून ती फार आदरानं बोलत होती. मी ज्या दिवसांत कधी बसलो नाही, त्या दिवसांत ती दोन वर्षं बसली होती.

“एक विचारायचं होतं सर. इथले एक मामा म्हणतात, मृगात पूर्वी डोंगर वाजायचा. मला दोन्ही वर्षं काही ऐकू आलं नाही. पण तुमच्याकडंही तिन्ही वर्षं शून्यच आहे. म्हणजे काही हरवलेलं नाही, असं लिहिते. चालेल ना? वयामुळं त्यांची सरमिसळ होत असणार.”

“बरं,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा तेच शून्य टाकलं.

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. एक बेडूक त्या डोंगरावरून गेला असेल, तर माझ्या शून्यानं तो कधी नव्हताच असं झालं होतं. आणि ज्या माणसानं मला ते जंगल दाखवलं, तो खोटा ठरत होता.

रविवारी गावी गेलो. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, शेत चुलतभाऊ बघतो. बांधावर बसलो असताना अण्णा आठवले. उगवण झाली की ते ओळीओळीनं वाकून चालत. जिथं बी उगवलं नाही त्या मोकळ्या जागेला आम्ही नांगी म्हणतो. ते प्रत्येक नांगीत बोटानं दोन दाणे टोचायचे आणि मला म्हणायचे, “मूठ कुठं चुकली ती बघून ठेव.” ओरडले नाहीत कधी. फक्त बघायला लावायचे.

तिथूनच तिला फोन केला. सगळं सांगितलं, तिसऱ्या वर्षाचंसुद्धा. तिनं विचारलं,

“मग तिथं काय होतं सर?”

“मला माहीत नाही. मी नव्हतो.”

“मी दोन वर्षं त्या मामांना नुसतं ‘हो, हो’ म्हणतेय,” ती म्हणाली. मग जरा कोरड्या आवाजात, “हे लिहून द्याल?”

दिलं. वहीच्या पानांचे फोटो पाठवले, समासातल्या मामांच्या बोलण्यासकट. विद्यापीठालाही पत्र टाकलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तिच्या तक्त्यात माझे सहा रकाने आता कोरे आहेत, खाली लिहिलंय, ‘पाहणी झाली नाही’.

यंदा मृगात मी गेलो. मामा वाडीच्या तोंडाशी काठी टेकून उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“पेरनी झाली?”

“आता ट्रॅक्टरनं होती, मामा. यंत्रच पेरतंय,” मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

“मग मूठ मोकळी झाली म्हना की तुमची.”

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती मुलगी वरच्या जागांकडं गेली आणि आम्ही दोघं सातव्या जागेवर बसलो. त्यांना तिथवर आणायला दीड तास लागला. कारवी तशीच होती. ओढ्यात दुसरे बेडूक ओरडत होते, ते मी लिहून घेत होतो. माझ्या घोट्यावर जळू चढली होती, तिला चढू दिलं. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना आता ऐकायचं होतं ते माझ्याच कानांनी.

“वाजतंय काय?”

मी झुडपाकडं कान लावला. इतकी वर्षं मनात तो आवाज इतका घोटला होता, की डोळे मिटले असते तर टिक, टिक नक्की ऐकू आलं असतं. मान हलवली असती तर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला असता.

“न्हाई, मामा.”

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “बसा आजून. दीस बुडायचाय.”

दिवस बुडेपर्यंत बसलो. मग वहीत सातव्या जागेपुढं शून्य लिहिलं, आणि त्याच्याशेजारी बसल्याची वेळ, उठल्याची वेळ.