संपातली आंबील

माझ्या नवऱ्याने शेठची गवताची गंजी पेटवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं होत आली होती. आम्ही तलासरीच्या डोंगरातले, भात आणि नागली पिकवणारे. आमची कापणी उरकली की शेठच्या माळावर गवत कापायला जायचं. ते गवत डहाणूच्या स्टेशनावरून मुंबईच्या तबेल्यांत जाई. तिथल्या म्हशींचं पोट भरे, आमचं भरत नसे. म्हणून त्या वर्षी मजुरी वाढेपर्यंत विळा धरायचा नाही, असं सगळ्या पाड्यांनी ठरवलं.

दहा दिवसांत माणसं कावली. आमच्या घरातच दोन तट पडले. सासरे म्हणत, मोर्चा काढू, कचेरीपुढे बसू. नवरा म्हणे, धूर दिसल्याशिवाय शेठला जाग यायची नाही. वेठबिगारीविरुद्धच्या जुन्या लढ्यात त्याच्या थोरल्या भावाला पोलिसांची गोळी लागली होती, ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मला धास्ती होती ती दुसऱ्या गोळीची. त्याच्याशी भांडून भांडून माझा घसा बसला.

अकराव्या दिवशी शेठने गुजरातकडून ट्रकभर मजूर आणले. नवऱ्याने काडेपेटी कमरेला खोचली. "आज दुपारी," एवढंच म्हणाला.

मी नागलीची दोन हंडे आंबील केली. बांधावर कामाला आलेल्याला आमच्यात आंबील पाजतातच. माळ कागदावर शेठचा असेल, पण तो आजेसासऱ्यांनी कसलेला होता, म्हणजे पाहुणे आमचेच. खरं सांगते, मनात दयामाया काही नव्हती. त्यांना खजील करायचं होतं आणि नवऱ्याला नजरेसमोर ठेवायचं होतं.

"कोनाला नेतेस? आपल्या पोटावर पाय देनाऱ्यांना?"

"बांधावर आलेत ते. तसेच ठेवू? दुसरा हंडा तू उचल, जड हाय."

चडफडत का होईना, आला.

मजुरांचा म्होरक्या आंबील प्यायला आणि तोंड पुसून म्हणाला, "बेन, तुमी का नाय कापीत?" मी संपाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शेठ तर बोलला, इथली मानसं आजारी हायेत." त्याने विळा खाली ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले. माझी छाती अशी काही फुगली की विचारू नका.

"पोरांना पन थोडी दे," तो माळावरल्या गेल्या सालच्या गंजीमागे बोट दाखवत म्हणाला.

नवरा हंडा घेऊन मागे गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी गेले. गंजीला टेकून चार पोरं झोपली होती, त्यातलं एक अंगावर पिणारं. नवरा हंडा धरून नुसता उभा होता. तिथे पोरं असतील, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

ट्रक मजुरांना घेऊन, गवताची काडीही न नेता परत गेला. तीन दिवसांनी शेठ बोलायला आला आणि मजुरी वाढली. आगीशिवाय काही बदलतं का, असं मला सभांमध्ये पुष्कळांनी विचारलं आहे. बदलतं, मी छातीठोकपणे सांगते.

 नवऱ्याने मात्र त्यानंतर मरेपर्यंत काडेपेटी जवळ बाळगली नाही. विडी ओढायची तल्लफ आली की माझ्या चुलीशी येऊन बसायचा.