बुडबुडा मध्ये येईपर्यंत

खोकं आलं की कारखानदार आधी हात धुवायचे. मग जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सरकवून, जुना टॉवेल अंथरून, नखाने हळूहळू चिकटपट्टी सोलायचे. सोलायचे, फाडायचे नाहीत. आतली वस्तू बाहेर निघाली की ती दोन्ही हातांत तोलून बघायची, नाकाजवळ नेऊन तिचा तेलकट वास घ्यायचा, उजेडाकडे धरायची, आणि मग खुर्चीला पाठ टेकून तृप्त आवाजात म्हणायचं, “असावं घरात.”

घरात काय नव्हतं? ड्रिल मशीन होतं, ते बिघडलं तर असावं म्हणून दुसरं होतं. पक्कडी, पाने, करवती, गुण्या, ओळंबा आणि तारांना डाग देण्याची बंदूक होती. नळाच्या आत डोकावून पाहणारा, लांब शेपटीचा एक कॅमेरासुद्धा होता. त्यातून कारखानदारांनी एकदा स्वतःच्या कानात पाहिलं आणि घाबरून तो परत ठेवून दिला. हॉलमधल्या लोखंडी कपाटात हा सगळा सरंजाम ओळीने मांडलेला असे. त्याच कपाटाला खेटून असलेल्या सोफ्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. पुठ्ठा चपटा झाला की बायको नवा घाले.

या कारखान्यातून कधी काहीही तयार होऊन बाहेर पडलं नाही, म्हणूनच इमारतीतल्या लोकांनी त्यांना कारखानदार म्हणायला सुरुवात केली. चेष्टा होती, पण त्यांना ती पदवी वाटली. कोणी जिन्यात “काय कारखानदार, नवीन काय?” म्हणून विचारलं की ते थांबून सगळं सविस्तर सांगत. विचारणाऱ्याचं दूध नासलं तरी सांगत.

पोटासाठी ते वजनमापं तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर दुकानोदुकानी जाऊन तराजू पारखायचे, घासलेली वजनं उचलून घ्यायची, खोट्या मापाला शिक्का नाकारायचा. चूक शोधावी तर त्यांनीच. सगळी हयात दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेल्यामुळे स्वतः चूक करायची मात्र सवयच राहिली नव्हती. ड्रिल हातात घेतलं की भिंत त्यांच्याकडे तपासनीसासारखी बघायला लागे. भोक पाडलं आणि ते वाकडं गेलं तर? तराजू परत लावता येतो, भोक परत घेता येत नाही. मग ते ड्रिल पुसून पेटीत ठेवत आणि म्हणत, “आज उजेड बरोबर नाही.”

काकू म्हणजे त्यांची बायको. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. लोकांचं बोलणं जोडून देण्यात जन्म गेल्यामुळे त्यांना दोन गोष्टी उत्तम येत. एक, आवाजावरून माणूस ओळखणं. दोन, कोणाला काय कळू द्यायचं नाही ते ठरवणं. घरातला नळ गळायला लागला की कारखानदार रविवारी तोंडात टॉर्च धरून त्याच्याखाली झोपत, पाना लावून काहीतरी आवळत, आणि ओल्या पाठीने उठून म्हणत, “बघ आता दोन दिवस.” सोमवारी ते ऑफिसला गेले की काकू दुपारची पाळी घेत आणि सकाळीच टोपीवाल्याला बोलावत. टोपीवाला म्हणजे खालच्या गल्लीतला दुरुस्तीवाला. नळ, कडी, दार, पंखा, सगळं करणारा. तो चुटकीसरशी काम उरकून जाई. संध्याकाळी कारखानदार नळापाशी उभे राहून कान देत.

“थांबला की गं!”

“तुम्ही आवळलात ना,” काकू पोळी लाटता लाटता म्हणत.

त्या वेळी त्यांचा चेहरा असा उजळे की टोपीवाल्याला दिलेली पै न् पै वसूल होई. असा त्यांचा संसार चालला. दाराची कडी अशीच बसली, खिडकीची झडप अशीच मिटायला लागली, आणि प्रत्येक यशानंतर कारखानदार उत्साहाने आणखी एक हत्यार घरी आणत. काकूंना कळत होतं की हा कारखाना आपणच चालवतोय. पण बंद करायचा म्हणजे काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

मग कारखानदार निवृत्त झाले आणि कायमचे घरी बसले. त्याच वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला.

डावी बाजू गेली. हात हळूहळू परतला, बोलणं तर पहिल्या दिवसापासून शाबूत होतं (“तेवढं तरी ठेवलंय देवाने, नाहीतर यांना सांभाळायचं कसं?”). पाय मात्र रुसून बसला. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती हसरी होती, पण पायाच्या बाबतीत कडक.

“काकू, मी आले की चालायचं आणि मी गेले की झोपायचं, असं नाही चालणार,” ती म्हणाली. “रोज, जितक्या वेळा बाथरूमला जाल तितक्या वेळा स्वतः चालत जायचं. बेडपासून बाथरूमपर्यंत भिंतीला एक दांडा लावून घ्या. दांडा धरून, एकट्याने. हे सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात. एकदा पाय आखडला की मग माझ्याही हातात काही नाही.”

काकूंना दुसरं काही नकोच होतं. आयुष्यभर कोणाचा हात धरून चालल्या नव्हत्या. बाथरूमला जायला माणूस लागावा, दार अर्धवट उघडं ठेवून कोणीतरी बाहेर खाकरत उभं असावं, याची त्यांना मरणापेक्षा जास्त लाज वाटे. स्वतःच्या पायांनी खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या त्या अरुंद बोळातून जायचं आणि आतून कडी लावायची, एवढीच त्यांची मागणी होती.

“दांडा ना?” कारखानदार उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या कपाटाला पहिल्यांदा खरं काम आलं होतं. “बाहेरचा माणूस अजिबात बोलवायचा नाही. हे मी करणार.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. तो नळापाशी उजळणारा चेहरा समोर होता. त्या म्हणाल्या, “करा.”

दांडा आला. चांगला, गोल, पॉलिश केलेला. तो भिंतीवर धरून कारखानदारांनी वर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी. बुडबुडा मध्ये आला की वस्तू सपाट. बुडबुडा मध्ये आला, पण कारखानदारांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बोळाची फरशीच बाथरूमकडे उतरती होती. दांडा सपाट लावला तर तो त्या टोकाला उंच पडणार. फरशीबरोबर लावला तर दांडाच तिरका.

“आता आली का पंचाईत,” ते म्हणाले. पंचाईत आली की त्यांना बरं वाटे.

“अहो, हाताला येईल तिथे लावा.”

“हाताला? हाताला तर काहीही येईल. मापाला यायला हवं.”

“मला त्या बुडबुड्याला धरून चालायचं नाहीये, दांड्याला धरून चालायचंय.”

ते हसले. पण ड्रिल पुसून पेटीत गेलं. पुढच्या आठवड्यात भिंतीवर लाल रेघ मारणारं लेझर आलं. ती रेघ इतकी सरळ होती की भिंतीचा फुगवटा उघडा पडला. मग फुगवटा मोजायची लांब पट्टी आली. मग भिंतीच्या आत पाइप आणि वायर कुठे आहेत ते हुडकणारं यंत्र आलं. ते बोळभर चिवचिवत फिरलं आणि शेवटी कारखानदारांच्या मनगटी घड्याळावर ओरडलं. स्क्रू पकडायला भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आल्या, त्या बारीक निघाल्या म्हणून जाड आल्या. प्रत्येक खोक्याला टॉवेल अंथरला गेला, प्रत्येकाला “असावं घरात” मिळालं. दांडा बोळात भिंतीला टेकून उभाच होता. शेजारी पेन्सिलच्या खुणा, त्यांच्यावर खोडलेल्या खुणा.

तोवर बाथरूमला जायचं ते कारखानदारांच्या खांद्यावर भार टाकून. त्यांचे स्वतःचेच गुडघे कुरकुरत, अर्ध्या बोळात दोघंही थांबून धापा टाकत आणि लेझरची लाल रेघ दोघांच्या पोटावरून जाई. एकदा दोघं तोल जाऊन भिंतीवर आपटले. काकूंनी त्या दिवसापासून पाणी कमी प्यायला सुरुवात केली. कोणाला सांगितलं नाही.

लेक रविवारी यायची. तिने बोळात उभा असलेला दांडा पाहिला आणि ती थेट आईच्या खोलीत आली.

“आई, पुरे झालं. मी उद्या सुतार घेऊन येते.”

“हळू बोल. ते हॉलमध्येच आहेत.”

“असू देत! अगं तासाभराचं काम आहे!”

“माहितीये मला.”

“मग?”

काकूंनी पांघरुणाची कड सारखी केली. “सुतार दारात आला की त्या कपाटाचं काय होईल गं? आणि त्यांचं?”

“आणि तुझ्या पायाचं?”

“होईल. त्यांचं होऊ दे आधी.”

लेक रडकुंडीला येऊन गेली. जाताना बाबांशी बोलली नाही. तिच्या न बोलण्याने कारखानदार हलले आणि त्यांनी तातडीने एक गोष्ट केली. आणखी एक खोकं मागवलं. त्यातून बेडशेजारी ठेवायची, खाली भांडं असलेली, चाकांची खुर्ची निघाली. चाकांना कुलूप होतं, हात वरखाली होत होते. “तात्पुरती,” ते म्हणाले. “दांडा होईपर्यंत तुला त्रास नको.” त्यांनी कुलूप लावून आणि काढून दाखवलं. ते खरोखरच छान चालत होतं.

खुर्ची आली आणि चालणं संपलं. वाईट हेतूने कोणीच काही केलं नाही. एक पाऊल टाकून बसता येत होतं, म्हणून दुसरं पाऊल पडलं नाही.

व्यायामवाल्या मुलीने एका सकाळी पाय हातात घेतला, वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला. ती हसली नाही. बोळात जाऊन कारखानदारांशी बोलली. काकूंना शब्द ऐकू आले नाहीत, पण आवाज ऐकू आला. ट्रंक कॉलवर वाईट बातमी सांगणारे लोक असेच खालच्या पट्टीत, सावकाश, पुन्हा पुन्हा थांबत बोलायचे. त्या वेळी काकू कानावरचा हेडफोन थोडा दूर करीत. आता दूर करायला काही नव्हतं.

त्याच दुपारी बोळात ड्रिल सुरू झालं. घर हादरलं, काचेचे ग्लास किणकिणले, विटेची तांबडी धूळ खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. मध्ये मध्ये मशीन थांबे आणि नाक ओढल्याचा आवाज येई. मग पुन्हा सुरू होई. चहाच्या वेळेपर्यंत दांडा लागला होता.

त्यांनी काकूंना खुर्चीतून ढकलत बोळात आणलं. भुवयांवर, मिशीवर धूळ बसून कारखानदार एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी दांड्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, जरासुद्धा हलत नव्हता.

काकूंनी चांगला हात वर केला. खुर्चीतून दांडा उंच पडत होता, बोटं कशीबशी टेकली. लाकूड गुळगुळीत होतं. कारखानदार त्यांच्या तोंडाकडे बघत होते, शिक्क्यासाठी तराजू पुढे करून उभ्या राहिलेल्या दुकानदारासारखे.

“असावं घरात,” काकू म्हणाल्या.

ते सवयीने हसले. मग ते हसू तोंडावरून कसं उतरवावं हे त्यांना कळेना.

दांड्यावर टॉवेल वाळायला लागले. जागा तशी सोयीची होती. काही दिवसांनी लेकीने बसून फिरायची मोठी चाकखुर्ची आणली आणि भांड्याची खुर्ची एकदाची गॅलरीत गेली. आता निदान बाथरूमपर्यंत जाता येईल, असं काकूंना वाटलं. चाकं बोळातून उतारावर छान घरंगळत गेली आणि बाथरूमच्या उंबऱ्याला थडकून थांबली. कारखानदारांनी ढकललं, मागे घेतलं, पुन्हा ढकललं. उंबरा हलेना.

ते खाली वाकले. बोटांनी उंबऱ्याची उंची मापली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

“छोटा उतार करायला हवा. लाकडाचा. सोपं आहे गं. फक्त कोन नेमका यायला हवा. तिरकं कापणारी एक करवत पाहून ठेवलीये मी, कोनाचा काटाच आहे तिला. मी करतो, तू...”

“नको,” काकू म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी या कामी वापरलाच नव्हता, म्हणून तो बोळात मोठा वाटला.

“माणूस बोलवा,” त्या म्हणाल्या.

कारखानदार वाकलेलेच राहिले. मग गुडघ्यावर हात टेकत उठले. दांड्यावरचा एक टॉवेल खाली पडायला आला होता, तो नीट केला. आत गेले, सदरा बदलला, दारापाशी चपला शोधल्या. काकूंना वाटलं, शब्द परत घ्यावा. पण तो घेतला तर पुन्हा ती करवत येईल, टॉवेल अंथरला जाईल.

दार उघडून ते थांबले. तोंड बाहेर जिन्याकडेच होतं.

“टोपीवालाच ना?”

त्या माणसाचं नाव या घरात कधी निघालं नव्हतं.

“तुम्हाला... कधीपासून?”

“पहिल्या नळापासून,” ते म्हणाले. “मापं तपासायचो गं मी. नळाला कोणाचा हात लागलाय, ते कळणार नाही होय मला?” दाराच्या कडीवरून बोट फिरवत ते म्हणाले, “तू म्हणायचीस ना, तुम्ही आवळलात म्हणून. ते ऐकायला बरं वाटायचं.”

दार त्यांनी हळू ओढून घेतलं.

काकू उंबऱ्याला अडकलेल्या खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. कारखानदार जिना नेहमी मोकळ्या हातांनी उतरत. चपलांचा पट्टपट्ट आवाज, मध्ये कोणी भेटलं की थांबून गप्पा. आज खालच्या मजल्यावर कोणीतरी हाक मारली, “काय कारखानदार, नवीन काय?” उत्तर आलं नाही. एक पाऊल वाजलं, मग थांबा. मग दुसरं. आणि प्रत्येक पावलाआधी, जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हात सरकवून घट्ट धरल्याचा आवाज.